न छापलेल्या छायाचित्रांचे काय करायचे?

प्रश्न: मी गुहागर तालुक्यात राहतो आणि गेली दोन वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी छायाचित्रे पाठवतो. अपघात, दरड, पूर आणि पुढाऱ्यांचे दौरे एवढेच छापले जाते. गावात रोज जे चालते आणि हळूहळू जे बदलते आहे, ते बातमीच्या छायाचित्रात कसे आणायचे? आणि छापली न जाणारी अशी छायाचित्रे काढून उपयोग तरी काय?

उत्तर: तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी दिले, तर पहिला भाग सोपा होईल असे मला वाटते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. रस्ते मोकळे होताच मी दापोली तालुक्यात पोहोचलो आणि इतर सगळ्यांनी काढली तीच छायाचित्रे काढली: मुळासकट उपटलेले माड, उडालेले पत्रे, फुटक्या कौलांच्या ढिगाशेजारी बसलेला घरधनी. ती छापली गेली आणि छापायलाच हवी होती. दीडेक महिन्याने एका बागायतदारांचा फोन आला. त्यांना आपल्या वाडीचे वादळाआधीचे एखादे छायाचित्र हवे होते, कारण तिथे पोफळी किती दाट होत्या हे आता तोंडी सांगून कोणाला पटेना. शोधल्यावर २०११ मधले एक सापडले. पाणीटंचाईच्या बातमीसाठी काढलेले आणि कधीच न छापलेले. पुढे विहिरीवर कळशी भरणारी बाई आणि तिच्या मागे, ज्यांच्याकडे मी तेव्हा लक्षही दिले नव्हते अशा, पोफळींच्या ओळीमागून ओळी. त्या चित्रात झाडे मोजता येत होती. वादळानंतर काढलेल्या माझ्या शे-दीडशे चित्रांत नुकसान दिसत होते, पण नुकसानाचे माप एकाही चित्रात नव्हते.

म्हणून मी नव्या छायाचित्रकारांना सांगतो की घटनेचे छायाचित्र अर्धेच असते आणि त्याचा उरलेला अर्धा भाग घटनेच्या आधी, काहीही घडत नसताना, कोणीतरी काढून ठेवलेला असावा लागतो. तो कोणीतरी बहुधा स्थानिक माणूसच असू शकतो. मुंबईहून आलेला छायाचित्रकार, कितीही कसबी असला तरी, वादळानंतर येतो.

वृत्तपत्रांना घटनाच का हवी असते, यालाही कारणे आहेत आणि ती सगळी वाईट नाहीत. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात छायाचित्र छापायचे म्हणजे जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, त्याला पैसे आणि वेळ दोन्ही लागत, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणची साप्ताहिके पुढाऱ्यांचे ब्लॉक खणात जपून ठेवत आणि तेच पुन्हा पुन्हा वापरत. माझ्या आधीच्या पिढीतल्या लोकांकडून मी हे ऐकले. माझ्या स्वतःच्या सुरुवातीला ब्लॉक गेले होते, पण रोल होता. एका रोलमध्ये ३६ चौकटी, त्यांतल्या निम्म्या कार्यक्रमाला राखून ठेवायच्या, आणि निगेटिव्हचे पाकीट रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. अशा हिशेबात, पडवीत बसून मनीऑर्डरच्या नोटा मोजून देणाऱ्या पोस्टमनवर चौकट खर्च करायला हात धजत नसे. त्या पोस्टमनची माझ्याकडे एकूण चार चित्रे आहेत. ज्या कोकणाची अर्थव्यवस्था लोक मनीऑर्डरची म्हणून ओळखत, तिच्यासाठी चार चौकटी! आता चौकटीला पैसे पडत नाहीत, पण सवय मात्र तीच राहिली आहे.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे आणि दिल्लीतील सत्तांतराची, नेत्यांची त्यांची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. त्याआधीच्या मुंबईत त्यांनी काढलेली रोजच्या शहराची चित्रे, कलाशाळेतल्या मैत्रिणींची, सहलीला गेलेल्या बायकांची, मी नंतर पाहिली आणि मला तीच अधिक वेळ धरून ठेवतात. त्यांतल्या सुरुवातीच्या अनेक चित्रांखाली त्यांच्या पतीचे नाव छापले जात होते. म्हणजे त्या काळातील स्त्रीचे स्थान चित्रात जसे आहे, तसे चित्राखालच्या ओळीतही आहे.

आता तुमच्या पहिल्या भागाकडे येतो. बदल एका छायाचित्रात दिसत नाही, तो दोन छायाचित्रांच्या मधल्या जागेत दिसतो. त्यामुळे माझी पद्धत साधी आहे: काही जागा ठरवून घ्यायच्या आणि तिथे त्याच कोपऱ्यातून, शक्यतो त्याच भिंगाने, वर्षातल्या त्याच दिवसांत पुन्हा पुन्हा जायचे. मी ३५ मिलिमीटरचे भिंग वापरतो, कारण त्यात माणसाबरोबर त्याच्या आजूबाजूचे येते आणि मला हवे असते ते बहुतेक वेळा त्या आजूबाजूतच असते. लांब पल्ल्याच्या भिंगाने चेहरा सुंदर येतो, मागचे सगळे पुसले जाते आणि वीस वर्षांनी तो चेहरा कोणत्या बंदरावर होता हेही सांगता येत नाही.

हर्णैचे बंदर हे माझे सर्वांत जुने ठिकाण. संध्याकाळच्या लिलावाची माझ्याकडे जवळपास प्रत्येक वर्षाची चित्रे आहेत. पर्यटक आणि माझे बरेच व्यवसायबंधू तिथे सुवर्णदुर्गामागचा सूर्यास्त काढतात. त्यात गैर काही नाही, पण तो सूर्यास्त शंभर वर्षांपूर्वीही असाच होता. सुरुवातीच्या माझ्या चित्रांत होड्या बाहेर पाण्यात उभ्या आहेत आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरल्या आहेत, बैलांच्या पोटाला पाणी लागते आहे. वाळूवर बांबूच्या पाट्या आहेत. पुढच्या काही वर्षांत पाट्यांच्या जागी रंगीत प्लास्टिकचे क्रेट येतात, मग थर्माकोलचे खोके, मग कडेला उभे असलेले बर्फाचे टेम्पो, त्यांच्या नंबरांच्या पाट्या परजिल्ह्यातल्या आणि परराज्यातल्या. लिलावाच्या कोंडाळ्यात बोली लावणाऱ्या बायका आधीही होत्या आणि आताही आहेत, फक्त आता त्यांच्या एका हातात फोन आहे आणि दुसऱ्या बाजाराचा भाव ऐकून त्या बोली थांबवतात किंवा वाढवतात. होडीवरच्या खलाशांचे चेहरेही बदलले. नेपाळहून आलेली मुले कोकणच्या बंदरांत आणि आंब्याच्या बागांत आता इतकी नित्याची झाली आहेत की त्यावर बातमी होत नाही. माझ्या चित्रांत ती आधी कडेला दिसतात, पाठमोरी, जाळे ओढताना. मग मधोमध येतात. अलीकडच्या एका चित्रात त्यांच्यातला एक जण बंदरावरच्या दुकानदाराशी मराठीत घासाघीस करतो आहे, अर्थात त्याची मराठी छायाचित्रात ऐकू येत नाही, म्हणून ती फोटोओळीत लिहिली.

यातले एकही छायाचित्र स्वतंत्रपणे बातमी नव्हते. पर्ससीन जाळी (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढून ओढणारी मोठी जाळी) वापरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील वाद पेटला तेव्हा मात्र संपादकांनी विचारले की जुन्या होड्यांचे, छोट्या जाळ्यांचे काही आहे का, आणि तेव्हा माझे खोके उघडले गेले.

कॅमेऱ्याची एक मर्यादा मला फार उशिरा कळली. समोर जे आहे तेच तो दाखवतो, जे निघून गेले ते दाखवू शकत नाही, आणि कोकणातला सर्वांत मोठा सामाजिक बदल तर माणसे निघून जाण्याचा आहे. बंद घराच्या कुलपाचे चित्र आपण सगळेच काढतो. ते एकदा परिणामकारक वाटते, दहाव्यांदा ते नुसते कुलूप राहते. मी दुसरा मार्ग धरला. एका वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, गुरुजींच्या आणि पालकांच्या परवानगीने, दर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर त्याच तीन पायऱ्यांवर सगळ्या मुलांना उभे करून मी चित्र काढत आलो. पहिल्या चित्रात तीनही पायऱ्या भरल्या आहेत आणि काही मुले खाली मातीत बसली आहेत. मग खालची ओळ जाते, मग वरची पायरी रिकामी होते. शेवटच्या चित्रात सात मुले मधल्या पायरीवर आहेत आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याचा दगड दिसतो. त्या रिकाम्या दगडाला अर्थ येतो तो आधीच्या चित्रांमुळे.

उलट दिशेने हेच गणपतीत दिसते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तेव्हा हारांनी मढवलेले इंजिन सर्वांनी काढले, मीही काढले. ते आज कोणी मागत नाही. मागतात ते चिपळूणच्या एसटी स्थानकावरचे, चतुर्थीच्या आदल्या रात्रीचे, टपावर वळकट्या आणि ट्रंका चढवणाऱ्या चाकरमान्यांचे. कारण ती गर्दी नंतर मोठ्या प्रमाणावर फलाटावर गेली आणि सामानाचा आकारही बदलला.

महाडला २० मार्चला जाण्याचे मी कधी टाळत नाही. १९२७ मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि दरवर्षी तिथे लोक जमतात. पहिली काही वर्षे मी व्यासपीठ काढत राहिलो, कारण पान त्याच्यासाठी राखलेले असे. पुढे तळ्याच्या पायऱ्यांचा एक कोपरा धरला. त्या कोपऱ्यातल्या चित्रांत पुस्तकांच्या पिशव्या वाढत जातात, आजीला हात धरून पाण्यापर्यंत नेणारी नात दिसते, आणि एका वर्षी ती नात स्वतःच्या मुलीला घेऊन आलेली दिसते.

ऋतूबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथे छायाचित्रकार नकळत एक बाजू घेऊन बसतो. आपल्याकडचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, मे महिन्यात काढला तर तो काळाठिक्कर, उजाड, निरुपयोगी दिसतो. सातबाऱ्यावरच्या 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, या शब्दाला ते चित्र अगदी शोभते. तोच सडा ऑगस्टमध्ये काढा: पाणी धरलेल्या खळग्यांत भाताचे तुकडे, कातळावर फुलांचे ताटवे, गुरे आणि त्यांच्यामागे छत्री घेतलेला गुराखी. दोन्ही चित्रे खरी आहेत. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन असो की २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध झालेले आंदोलन असो, बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांनी जमीन पाहिली ती बहुधा आंदोलनाच्या महिन्यात. प्रकल्प हवा की नको हे ठरवणे माझे काम नाही, पण जमीन 'ओसाड' आहे असे विधान माझे छायाचित्र करणार असेल, तर ते कोणत्या महिन्यातले आहे हे वाचकाला सांगणे माझे काम आहे. म्हणून सड्याचे प्रत्येक चित्र मी वर्षातून निदान दोनदा काढतो. आणि आंदोलनात पोलिसांसमोर बसलेल्या बायका काढल्या, तर त्या सकाळी घरातले आवरून, आंब्याचे काम अर्धे टाकून कशा निघतात तेही काढतो. ऐन हंगामातला एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे पहिल्या चित्रात येत नाही.

मापाविषयी. अमेरिकेत लुईस हाइन १९०८ पासून कारखान्यांत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढत होते. आपल्या कोटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्यांनी मोजून ठेवले होते, आणि मूल शेजारी उभे राहिले की बटणावरून त्याची उंची ओळखून ते वहीत टिपत. हा किस्सा वाचल्यावर मी पुराची छायाचित्रे काढण्याची पद्धत बदलली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारातल्या एका दुकानदारांनी भिंतीवर पाण्याची खूण रंगाने करून ठेवली होती. मी ती दाराच्या चौकटीसकट, दुकानदारांना शेजारी उभे करून काढली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी पुन्हा शहरात शिरले आणि ओसरल्यावर मी त्याच दारात गेलो, तेव्हा चिखलाची नवी रेघ जुन्या खुणेच्या बरीच वर होती. दुकानदार तेच, फक्त केस पांढरे. त्या दोन चित्रांना मथळ्याची गरज पडली नाही. पुलावरून काढलेल्या तपकिरी पाण्याच्या चित्रावरून मात्र ते कोणत्या वर्षाचे हे मलाही सांगता येत नाही.

फोटोओळ हा आपल्या व्यवसायातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि यात मी स्वतः दोषी आहे. माझ्या जुन्या चित्रांखाली 'बाजारात मासळी विकताना महिला' असे लिहिलेले आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली, तिच्या आजीचे एकही छायाचित्र घरात नव्हते आणि आजी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी विकायला बसत असे एवढेच तिला ठाऊक होते. आम्ही दोघांनी दोन दुपारी खोके उपसले. चार बायका अशा निघाल्या की त्यांच्यापैकी कोणीही तिची आजी असू शकली असती. नाव विचारायला मला तेव्हा अर्धे मिनिट लागले असते. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग यांनी काढलेले स्थलांतरित मजूर आईचे छायाचित्र जगभर गेले, पण लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नव्हते. ते जगाला १९७८ मध्ये कळले आणि तेव्हा त्या बाईंची तक्रारच होती की आपल्याला या चित्राचा काही लाभ झाला नाही. तेव्हा नाव, वाडी, तारीख, ती व्यक्ती काय करत आहे, आणि शक्य असेल तर तिने त्या वेळी सांगितलेले एक वाक्य, एवढे त्याच दिवशी वहीत लिहा. रात्री लिहीन म्हटले की राहते.

नाव लिहून ठेवणे आणि नाव छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लैंगिक अत्याचारपीडित व्यक्तीची आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये येणाऱ्या बालकांची (कायद्याशी संघर्ष झालेली, काळजी व संरक्षणाची गरज असलेली, गुन्ह्यातील पीडित किंवा साक्षीदार मुले) ओळख उघड करता येत नाही, आणि ओळख म्हणजे फक्त चेहरा नव्हे: घराचे दार, शाळेचा गणवेश, शेजारची टपरी यावरूनही छोट्या गावात सगळे कळते. कायद्यापलीकडचेही एक भान लागते. शहरातल्या छायाचित्रकाराला काढलेला माणूस पुन्हा भेटत नाही. तुम्हाला तो उद्या सकाळी एसटीत भेटणार आहे. २०२१ च्या पुरानंतर, चिखलाने भरलेल्या स्वयंपाकघरात भांडी शोधणाऱ्या एका काकूंचे चित्र मी छापायला दिले. त्यांनी काढू दिले होते, नाही म्हटले नव्हते. नंतर त्या म्हणाल्या, "अहो, माझं घर असं कधी नसतं हो." तेव्हापासून मी अशा घरात दुसऱ्यांदा जातो, घर लावून झाल्यावर, आणि तेही चित्र काढतो आणि दोन्ही एकत्र छापण्याचा आग्रह धरतो. दहापैकी तीन वेळा तो मान्य होतो. मदतवाटपाची छायाचित्रे मात्र मी काढत नाही. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एकाच पिशवीवर आणि दोघांचे डोळे कॅमेऱ्याकडे, असे क्षणभर थांबलेले चित्र मला बनावटच वाटते, मग पिशवीतले तांदूळ कितीही खरे असोत.

संपादकांशी भांडून उपयोग नाही, त्यांच्या पानाची गरज ओळखावी. 'रोजचे जीवन' म्हणून पाठवलेले चित्र परत येते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या आदल्या आठवड्यात, होड्या वर ओढून शाकारणी करतानाचे चित्र पाठवले आणि सोबत दहा वर्षांपूर्वीचे त्याच जागेचे दिले, की त्याला तारीख मिळते आणि पानावर जागाही मिळते. शिमगा, पेरणी, शाळा उघडण्याचा दिवस, आंब्याची पहिली पेटी या तारखा तुम्हाला ठाऊकच आहेत. बाकीची चित्रे न छापता राहू द्या.

पण ती जपा. माझ्या सुरुवातीच्या सहा वर्षांच्या निगेटिव्हपैकी बऱ्याच एका पावसाळ्यात बुरशीने खाल्ल्या, कारण मी त्या पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवल्या होत्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांवर पैसे खर्च करणे मला चैनीचे वाटले होते. तुमची अडचण निराळी आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते, म्हणून दैनिकाला मूळ फाइल दस्तऐवज म्हणून पाठवा, आणि फोनमधली मूळ प्रत पुसण्याआधी ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर गेली आहे ना हे पाहा. त्यांतली एक डिस्क घराबाहेर, शक्यतो पुराचे पाणी न पोहोचणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. फोल्डरला वर्ष आणि गावाचे नाव द्या. वही मात्र कागदाचीच असू द्या आणि तिच्यात पेन्सिलीने लिहा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत शाई पसरते.

येत्या ३१ मेला तुमच्या जवळच्या बंदरावर जा. शेवटची होडी वर येईपर्यंत थांबा आणि ती ओढणाऱ्या प्रत्येकाचे नाव विचारा.